एकादशीचा साडेदहाचा स्लॉट

“इंजिन चालू करा! आत्ताच्या आत्ता!”

आमचे कर्णिक सर होडीच्या टोकावर उभे राहून असे ओरडत होते की पलीकडे बोरिवलीतले निम्मे वॉचमन सोसायटीचं गेट उघडायला धावले असणार.

“इंजिनाला पाणी लागतं, साहेब,” होडी चालवणाऱ्या मंदाताई म्हणाल्या. “पाणी गेलं.”

खरंच गेलं होतं. गोराईच्या खाडीतला एक चिंचोळा फाटा, दोन्ही बाजूंना तिवरांचं जंगल, मधे चिखल आणि चिखलावर आमची होडी, तव्यावरच्या पापलेटासारखी पसरलेली. दुपारचे बारा. सरांची दोन वाजता अंधेरीच्या ऑफिसात मीटिंग.

आमच्या धंद्याला कम्युनिटी इकोटुरिझम म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम सोपं. गावच्या लोकांनी गावची खाडी पाहुण्यांना दाखवायची, कमाई गावात राहू द्यायची आणि दाखवण्याजोगं काही उरावं म्हणून खाडी राखायची. मंदाताई आणि त्यांच्या बचतगटातल्या कोळणी वर्षभर या फेऱ्या चालवत होत्या. होड्यांची ये-जा सुरू झाल्यापासून तिवरांत गुपचूप बांधकामाचं डेब्रिज टाकणारे ट्रक फिरकेनासे झाले होते. फेऱ्या थांबल्या की ट्रक परत येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. फेऱ्यांचं बुकिंग आणि खर्च आमच्या ऑफिसकडे, सर तिथले प्रमुख; पुढच्या वर्षाला मंजुरी द्यायची की नाही, हे ठरवायला ते त्या दिवशी आले होते. आणि मी त्यांना चिखलात नेऊन बसवलं होतं.

मीच. आदल्या दिवशी मंदाताईंचा फोन आला होता. “उद्या एकादशी हाय. सकाळी सातला निघूया.”

मी म्हणालो, “ताई, बुकिंगच्या सिस्टीममध्ये स्लॉट साडेदहाचा आहे. स्लॉट बदलत नाही.”

“पाणी बदलतं रे,” त्या म्हणाल्या. मी हसून फोन ठेवला. सात वर्षांचा अनुभव माझा, एसीत बसून घेतलेला. त्यात लिंक रोडवरच्या ट्रॅफिकमुळे सर उगवले अकराला.

“मी चालत जातो!” सरांनी जाहीर केलं आणि कोणी हात धरायच्या आत पाय खाली टाकला. चिखलाने तो गुडघ्यापर्यंत घेतला, चव आवडली असावी, मग मांडीपर्यंत घेतला. मी खांदे धरले, मंदाताईंनी पट्टा. पंधरा मिनिटं आम्ही ओढत होतो. सर वर आले, बूट आला नाही. तो अजून खाली जात असेल, नाहीतर एव्हाना अमेरिकेत निघाला असेल.

“प्रोजेक्ट बंद!” सर धापा टाकत म्हणाले. “पाणी कधी जातं एवढंही माहीत नाही तुम्हाला?”

“मला माहीत हाय,” मंदाताई म्हणाल्या. “तिथीचं पाऊणपट करायचं. एकादशी म्हणजे अकरा. पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठला पाणी भरलं, दोन-अडीचपर्यंत उतरणार, चारच्या सुमाराला होडी उचलणार. तुम्ही सकाळी काय खाल्लंत?”

“साबुदाण्याची खिचडी. उपास आहे माझा.”

“म्हणजे तिथी तुम्हालाबी ठाऊक होती.”

सरांनी उरलेला बूट काढून मांडीवर घेतला. सात वर्षांत शेवटचा शब्द सरांऐवजी दुसऱ्या कोणाचा झालेला मी पाहिला नव्हता. डोळे मिटून हा क्षण साठवून घेतला.

आणि आम्ही गप्प झाल्यावर खाडी सुरू झाली. आधी चिखलातून निवट्या निघाल्या. हे मासे पाण्याबाहेर येऊन परांवर टुणटुण उड्या मारतात. मग लाल नांगीचे खेकडे, हजार, दोन हजार, माझ्या हिशेबाने सव्वा लाख. त्यांच्या मागोमाग पक्षी उतरले. पाणी ओसरलं की चिखल म्हणजे त्यांची खानावळ. लांब चोचीचे तुतारी पक्षी, बगळे, तिवराच्या फांदीवर निळा खंड्या. एक बगळा तर सरांपासून हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. सर श्वास रोखून बसले. मीटिंगची वेळ टळली, फोन वाजला, त्यांनी न बघताच तो बंद केला.

“वर्षभराच्या रिपोर्टात हे का नाही?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“भरलेल्या पाण्यातून हे दिसत नाही, सर. साडेदहाला पाणी भरलेलं असेल असेच दिवस ताई निवडायच्या. याआधी आम्ही अडकलो कुठे होतो?” मी म्हणालो.

चारला पाणी आलं आणि होडी उचलली गेली. आठवड्याभरात मंजुरीही आली. साडेदहाचा स्लॉट गेला. फेरीची वेळ आता मंदाताई सांगतात, ओहोटीची फेरी वेगळी निघते आणि आमच्या ऑफिसात तिथीचं कॅलेंडर लागलंय. अंधेरीत बसून खाडीचं घड्याळ लावू नये, एवढं मी शिकलो.

मंजुरीचं पत्र घेऊन सर स्वतः जेट्टीवर आले. उत्साह नुसता उतू जात होता. “मंदाताई, आता मागे हटायचं नाही! तीन मोठ्या होड्या, एकेकीत चाळीस माणसं, वर स्पीकरवर कॉमेंट्री! कसं वाटतंय?”

मंदाताई होडीची दोरी खुंट्याला बांधत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“माणसं बसतील,” त्या म्हणाल्या. “पक्षी नाय बसणार.”