पोल्ट्रीतला वर्ग

आमचं विद्यापीठ कोंबड्यांच्या शेडमध्ये सुरू झालं, हे हल्ली लोक फार कौतुकानं सांगतात. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी कोंबडी फक्त ताटात पाहिलेली असते. मी त्या शेडमध्ये पहिल्या दिवसापासून गणित शिकवलं आहे. फिनेलनं धुतलं, चुना मारला, तरी वास जाईना. पंखा लावला की कुठल्या फटीतून पिसं निघायची देव जाणे, आणि ती नेमकी माझ्याच केसांत अडकायची. मुलं हसायची. मला हसू यायचं नाही.

कामशेतहून वडिवळ्याकडे जाताना एका शेतकऱ्याची पोल्ट्री बंद पडून होती. आमच्या सरांनी, म्हणजे ज्यांचा पुतळा आता गेटात उभा आहे त्यांनी, ती मागितली आणि तो भला माणूस "न्या की" म्हणाला. पावसाळ्यात पत्र्यावर असा धडधडाट चालायचा की शेजारच्याचं बोलणं कळायचं नाही. मग सगळा तास न बोलता. मी फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची, शंका आली की उठून यायची आणि खडूनं माझ्या गणिताशेजारी प्रश्न लिहायची. मावळातला पाऊस काही तासाभरात आटोपत नाही, त्यामुळे कित्येक आठवडे असेच जायचे. सरांचं म्हणणं साधं होतं. इथल्या पोरांना शिकायला पुण्याला पळावं लागू नये, बस.

आता देशभरातून मुलं येतात, चांगली गोष्ट आहे. पण वर्गात मावळातलं पोरगं शोधावं लागतं. निवृत्त झाल्यावर मी लोणावळ्यात, तुंगार्लीच्या घरात स्वस्थ बसायला हवं होतं, पण स्वभावाला औषध नसतं. कँटीनच्या मागे ती जुनी शेड तशीच उभी होती. तिथे मी संध्याकाळी आसपासच्या गावांतल्या, बारावीच्या गणितात अडकलेल्या मुलींना शिकवायला लागले. त्यांतली वडिवळ्याची एक पोरगी खरी हुशार. एकदा नापास झालेली, पण चूक कुठे झाली हे स्वतः शोधून काढणारी. तिला फेब्रुवारीत पुन्हा परीक्षा द्यायची होती आणि मग याच विद्यापीठात बीएस्सीला यायचं होतं. मला ती तिथे बसलेली दिसायलाच लागली होती.

दिवाळीआधी कुलसचिवांनी मला बोलावलं. तरुण माणूस, अदबशीर, चहा मागवला.

"मॅडम, शेडचं आपण वारसा दालन करतोय. विद्यापीठाची साधी सुरुवात लोकांना दिसली पाहिजे."

"ती रोज संध्याकाळी दिसतेच की. या बघायला. मुली शिकत असतात."

"त्यांची सोय बाहेर कुठे झाली तर बरं. काम सुरू होईल ना."

"मग मला इथलीच दुसरी खोली द्या."

"खोल्या सगळ्या बुक आहेत, मॅडम."

काय डोंबलाचा वारसा! चालता वर्ग हाकलायचा आणि तिथे वर्ग चालायचा म्हणून पाटी लावायची. तळपायाची आग मस्तकात गेली. मी कुलगुरूंना भेटले, ट्रस्टींना भेटले. सगळे माझ्या पाया पडले, आणि माझं कुणीही ऐकलं नाही.

शेवटी मुलींना म्हटलं, माझ्या घरी या. त्यासाठी वडिवळ्याला त्या पोरीच्या घरी गेले. तिचे वडील भाताची झोडणी सोडून आले, चहा केला, पण मान हलेना.

"बाई, तुमच्यावर इस्वास हाय. पर विद्यापीठाला गेट हाय, वॉचमन हाय. पोरगी कुटं जाती म्हनून इचारलं तर विद्यापीठात म्हनून सांगता येतं. लोनावळ्याला कुनाच्या बंगल्यावर जाती म्हनून कसं सांगू?"

"अहो भाऊ, बंगला कसला! दोन खोल्या आहेत माझ्या."

"व्हय, पर लोकांला काय ठावं?"

हात टेकले. त्या माणसाशी भांडता तरी कसं येणार? तो पोरीच्या आड येत नव्हता, चारचौघांना भीत होता. पोरगी दारात उभी होती. म्हणाली, "बाई, मी घरीच करीन अभ्यास." घरी म्हणजे शेण, भाकरी, धाकटी भावंडं आणि उरलेल्या वेळात गणित.

जानेवारीत दालनाचं उद्घाटन झालं. मला पहिल्या रांगेत बसवलं, शाल घातली. आत सतरंजीवर प्लॅस्टरची मुलं बसवली होती आणि फळ्यापाशी खडू धरलेली प्लॅस्टरची बाई. ती मी, असं मला सांगण्यात आलं. माझं नाक असलं कधीच नव्हतं. पत्र्याखाली छत घातलेलं, आणि कुणी बटण दाबलं की स्पीकरमधून पत्र्यावरच्या पावसाचा आवाज. पाहुणे "वा, वा" करत होते. मला ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात नऊवारी नेसलेली एक मुलगी पुढे आली आणि स्वच्छ, पाठ केलेल्या मराठीत बोलू लागली. "नमस्कार. याच जागेत मावळातली गरीब, होतकरू मुलं शिकली आणि त्यांच्या आयुष्याचं सोनं झालं." माझीच पोरगी! वडिवळ्याची.

पाहुणे पुढे सरकले तसा मी तिचा हात धरला. "अगं, तू इथे? आणि अभ्यास?"

"आता रोज दहा ते सहा इथंच असनार ना, बाई. सायबांनीच इचारलं, गावातली पोरगी पायजे म्हनून."

"परीक्षा महिन्यावर आली की गं!"

ती हसली. अगदी मनापासून. "आता कशाला, बाई? विद्यापीठात लागले न्हाई का मी! आबा लय खूश हायेत. सगळ्या गावाला सांगत्यात."

मागून दुसरा घोळका आत आला. तिनं माझा हात हळूच सोडवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाई, जरा बाजूला व्हता का? त्यांना फोटो घ्यायचाय."

मी बाजूला झाले.