जाऊबाईच्या श्रद्धांजलीत माझा फोटो

रामराम मंडळी. मला अक्षर येत नाही. मी बोलून राहिले अन् माझी नात लिहून राहिली.

आज माझ्या थोरल्या जावेची, गंगूबाईची तेरवी होती. मी वसमतहून एसटीनं वारंगा फाट्यावर उतरले. तिथं श्रद्धांजलीचा दारापेक्षा मोठा फ्लेक्स लागलेला. माणसं हात जोडून राहिली होती. जवळ जाऊन पाहते तर फोटो माझा!

गावातला एक म्हातारा मला पाहून दचकला. मी म्हटलं, "भिऊ नका, जेवायला आले."

घरी पंगती उठल्यावर जावेच्या नातवाला गाठलं. लग्नातल्या फोटोत आम्ही दोघी शेजारी बसलेल्या. त्यानं गंगूबाईला कापून मला छापायला धाडलं होतं.

"काहून रे, आजी ओळखू आली न्हाई?"

"लहानी आजी, घाई झाली. अन् पदर घेतला की तुमी दोघी सारख्याच दिसता."

सारख्याच! ह्याची माय ऊसतोडीला जायची, तेव्हा गंगूबाईनं ह्याला वाढवलं. तिच्या हनुवटीवर हिरवं गोंदण होतं. त्याच्यावर बोट ठेवल्याशिवाय ह्याला झोप येत नव्हती.

"फ्लेक्स बदलतो," म्हणाला.

"आता कशाला? लोक जेवून गेले. गुंडाळून ठेव, माझ्या तेरवीला कामी येईल."

तो हसला. मी हसले नाही.

मंडळी, तुमची आजी पदर घेऊन चार बायांत बसली, तर तुम्हाला ओळखू येईल का?