जिथे ग्लेनला वाकावं लागत नसे

फोन आला तेव्हा मी रविवारच्या मिस्साला जायच्या तयारीत होते. ग्लेन, माझा धाकटा भाऊ, इथे आखातात, सिलिकॉन ओएसिस वस्तीत, शाजी नावाच्या मल्याळी मित्राबरोबर फ्लॅट शेअर करून राहायचा. फोन शाजीचा होता. "दीदी, ग्लेन उठ नहीं रहा," तो म्हणाला. मी केसांना पिन लावत सहज म्हणून गेले, "सोने दो ना, छुट्टी है." "दीदी, आप आ जाओ," तो म्हणाला, आणि मला कळलं. झोपेतच त्याचं हृदय थांबलं होतं. तेहतीस वर्षांचा होता. आता काही आठवडे उलटलेत, पण "सोने दो ना" हे माझंच वाक्य अजून मला भलत्या वेळी ऐकू येतं. भाजी चिरताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर.

त्याला वसईला न्यायचं होतं. कागदपत्रं बघणाऱ्या माणसाने शवपेटीसाठी उंची विचारली. सहा फूट आठ इंच, मी सांगितलं. त्याने लिहिता लिहिता मान वर केली, पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग जरा संकोचून तो म्हणाला, "मॅडम, बास्केटबॉल खेलते थे क्या?" हा प्रश्न ग्लेनला आयुष्यभर लिफ्टमध्ये, बँकेत, एअरपोर्टवर, सगळीकडे विचारला गेला. त्याचं उत्तर ठरलेलं असे, "नहीं भाई, सिर्फ लंबा हूँ." त्या दिवशी त्याच्या वतीने मी उत्तर दिलं. म्हटलं, "हां. प्रोफेशनल था."

खरंच होता. आमचे पप्पा इथल्या एका हॉटेलात अकाउंट्समध्ये होते, आम्ही दोघं वाढलो ते इथल्याच अल बर्शा भागात. ग्लेन नववीत असताना अचानक वाढायला लागला आणि थांबेचना. मम्मी त्याच्या पँटची शिलाई उसवून थकली. शाळेच्या कोचने त्याच्या हातात बॉल दिला, आणि वर्गात शेवटच्या बाकावर अंग चोरून बसणारा हा मुलगा कोर्टवर गेला की वेगळाच दिसायला लागला. त्याच्या खोलीत भिंतभर पोस्टर्स होती. अमेरिकेत एक काळ असा होता की शाळा संपते न संपते तोच काही मुलं कॉलेजला बगल देऊन थेट मोठ्या लीगमध्ये जात, अठराव्या वर्षी पंचविशी-तिशीतल्या गड्यांशी भिडत. त्यातले काही तर दंतकथा झाले. पण ग्लेनला त्या चमकलेल्यांपेक्षा दुसरेच जास्त ठाऊक होते. शाळेतून उचलले गेले आणि दोन सीझनमध्ये विझले ते. नवा सूट घालून निवडीच्या दिवशी बसून राहिले आणि ज्यांचं नाव पुकारलंच गेलं नाही ते. कोण आता कुठे काय करतो, सगळं तो सांगायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, जिंकलेल्यांचं बघ ना, या भुतांना कशाला घेऊन बसतोस?" तर म्हणाला, "बाय, जिंकलेले सगळ्यांच्या लक्षात राहतात. यांना कोण विचारणार?" (वसईच्या घरच्या सवयीने तो मला बायच म्हणायचा.)

बारावीच्या वर्षी एका स्पर्धेत त्याला युरोपातल्या एका क्लबच्या माणसाने पाहिलं. क्लब छोटा होता, शहर कुणी ऐकलेलं नव्हतं, पण करार खराखुरा होता. पप्पांनी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून ठेवलेला. आठवडाभर तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर तसाच पडून होता. शेवटी जेवताना पप्पाच म्हणाले, "जा. पण फोन रोज करायचा." ग्लेन उठून उभा राहिला आणि नेहमीप्रमाणे दिव्याला डोकं आपटलं. आम्ही सगळे हसलो... आमचं चौघांचं ते शेवटचं मोकळं हसणं असावं.

तिथे त्याच्या टीममधल्या लोकांना बायका-मुलं होती, घराचे हप्ते होते. हा प्रॅक्टिस संपवून खोलीवर यायचा, मम्मीला फोन लावून वरण कसं करायचं ते विचारायचा आणि खिडकीतून बर्फ दाखवायचा. सुरुवातीची दोन वर्षं बहुतेक बेंचवरच गेली. तिसऱ्या वर्षी त्याला खेळायला मिळायला लागलं. पप्पा ऑफिसमधून लवकर येऊन लॅपटॉपवर मॅच लावायचे. कॉमेंट्री कुणालाच कळायची नाही, पण त्यात मध्येच आपलं आडनाव वेडंवाकडं ऐकू आलं की पप्पा टेबलावर थाप मारायचे.

मग सीझनआधीच्या तपासणीत क्लबच्या डॉक्टरांना त्याच्या हृदयात दोष दिसला. दुसरीकडे दाखवलं, तिसरीकडे दाखवलं, सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. खेळलास तर कधीही कोर्टवर कोसळशील. क्लबने करार संपवला. एकविसाव्या वर्षी ग्लेन परत आला. एअरपोर्टवरच पप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "खलास. आता बॉलला हात लावायचा नाही. मला शब्द दे." त्याने दिला.

आणि पाळला. गोळ्या वेळेवर घेतल्या, राहिलेलं शिक्षण ऑनलाइन पुरं केलं, इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामात सुपरवायझर झाला. माणूस शांत, कुणाला दुखावणार नाही. सुट्टीला तो माझ्याकडे यायचा. पण आमच्या बिल्डिंगखाली कोर्ट आहे, तिथे मुलं खेळायला लागली की बॉलचा आवाज वर येतो. तो आवाज आला की ग्लेन बोलता बोलता थांबायचा. आपण बोलत राहावं, त्याने हं हं म्हणावं, पण तो तिथे नसायचा. मी उठून खिडकी लावायचे. तो म्हणायचा, "राहू दे गं."

माझी मुलगी रिया दहा वर्षांची झाली आणि तिने हट्टच धरला, मामाकडूनच शिकणार. तो प्लास्टिकची खुर्ची घेऊन कोर्टच्या कडेला बसायचा आणि नुसत्या बोलण्यावर शिकवायचा. कोपर आत घे, गुडघ्यातून उठ, पुन्हा. एकदा रिया चिडली, "मामा, व्हाय डोन्ट यू जस्ट शो मी?" तो म्हणाला, "आय ॲम शोइंग यू, बेटा." तेवढ्यात तिच्या हातून सुटलेला बॉल घरंगळत त्याच्याकडे आला. मी बाल्कनीतून बघत होते. एवढा मोठा माणूस, त्याने दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले, हात छातीशी बांधले, आणि बॉल खुर्चीखालून निघून गेला. बाजूची पोरं हसली. रिया हसली नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलंच, "तुला वाटतं का रे कधी, गेलोच नसतो तर बरं झालं असतं?" त्याने चहाचा शेवटचा घोट घेतला. मग म्हणाला, "बाय, घरात, बसमध्ये, शाळेत, चर्चच्या त्या बाजूच्या दारात, मी कायम वाकून आहे. त्या हॉलमध्ये छप्पर एवढं उंच होतं... आणि माझ्यापेक्षा उंच माणसं होती. तिथे मला वाकावं लागत नव्हतं." एवढंच बोलला आणि कप विसळायला गेला.

वसईला खड्डा नेहमीपेक्षा लांब खणावा लागला. पप्पा कडेला उभे होते. निवृत्तीनंतर ते आणि मम्मी वसईलाच असतात, आता तिथून रोज फोन करतात. मम्मीची तब्येत, पाणी आलं का, सगळं सांगून झालं की जरा थांबतात आणि विचारतात, "बाळा, मी अडवलं नसतं तर तो आधी गेला असता ना? की... तेवढी वर्षं तरी खेळला असता?" मी म्हणते, "पप्पा, डॉक्टरांनी सांगितलं होतं." ते म्हणतात, "हो, हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न येतो. शब्द दिला म्हणून तो जगला, की शब्द दिला त्या दिवसापासून नुसता थांबून राहिला... आणि ज्या मरणाला चुकवायला त्याने सगळं सोडलं, ते त्याला त्याच्या पलंगावर येऊन भेटलं.

गेल्या आठवड्यात प्रार्थनेला माणसं यायची होती म्हणून मोठा टोप हवा होता. तो स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या डोक्यावर असतो. कायम ग्लेनच काढून द्यायचा, त्यामुळे घरात स्टूल कधी लागलंच नव्हतं. शेजारणीकडून आणलं आणि चढले. वर धुळीचा थर होता, इथल्या वाळवंटाची ती बारीक, पिवळसर रेती. त्या धुळीत कडेला एक हात उमटलेला होता. पाची बोटं पसरलेली, ताटाएवढा पंजा. माझ्याशी गप्पा मारताना दुसरं कुणी कमरेवर हात ठेवेल तसा तो कपाटावर हात टेकून उभा राहायचा. एवढ्या वर्षांत ते मला वेगळं असं कधी जाणवलंच नव्हतं. तिथवर दुसऱ्या कुणाची नजर जात नव्हती, कामवालीचं फडकंही नाही.

मी टोप अलगद उचलला, कुठे धक्का लागू न देता.

"व्हॉट्स अप देअर, ममा?" रियाने खालून विचारलं.

"धूळ आहे," मी म्हटलं. "राहू दे."