फिल्मखालचा ओरखडा

१८ एप्रिल, गुरुवार, सकाळी साडेदहा. हजर: सबनीस सर (प्लांट हेड), बोरसे (खरेदी), मी (गुणवत्ता विभाग, टिपणं माझ्याकडे), एस. डी. निकम (अंतिम तपासणी).

शेवटचं नाव वेगळ्या शाईत आहे, कारण ते मी बैठक सुरू झाल्यावर घातलं. निकम अण्णांना बोलावलेलं नव्हतं. हातात डॅशबोर्डची एक काळी पट्टी घेऊन ते आपणहून आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. त्या बैठकीचं टिपण एक पानभर आहे. त्यात अण्णांबद्दल नावापलीकडे एक अक्षर नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अण्णांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असायचं. फक्त तेवढंच एक, नीट कापून टोकदार केलेलं. अंबडच्या आमच्या कारखान्यात गाडीच्या आतले प्लास्टिकचे भाग बनतात: दारांची आतली पॅनेलं, डॅशबोर्डच्या पट्ट्या, आर्मरेस्ट. यातल्या चकचकीत काळ्या पट्ट्यांवर नुसतं बोट फिरलं तरी रेघ उमटते, म्हणून त्यांवर पातळ पारदर्शक फिल्म चिकटवून मग पॅकिंग होतं. अण्णा नखाने फिल्मचा कोपरा उचलायचे, पट्टी ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघायचे, कोपरा पुन्हा दाबायचे आणि मागे शिक्का मारायचे. शिक्का क्रमांक सात. अठ्ठावीस वर्षं तो त्यांच्याकडे होता. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ते एकच सांगत, “फिल्मवरचा ओरखडा रस्त्याचा. फिल्मखालचा आपला.”

दिवसभर फिल्म तपासणाऱ्या या माणसाला कारखान्याबाहेर मात्र ती दिसली की चैन पडत नसे. मी गाडी घेतली तेव्हा पार्किंगमध्ये बघायला आले. पेढा तोंडात टाकला, पुढच्या सीटवर बसले आणि पेढा संपायच्या आत सन व्हायझरवरची फिल्म त्यांच्या हातात होती. मी म्हटलं, अण्णा, राहू द्या दिवाळीपर्यंत तरी, सासूबाईंनी बजावलंय. ते दाराच्या हँडलकडे वळत म्हणाले, “मॅडम, अंतरपाट मंगलाष्टकं संपेपर्यंत धरतात. तुम्ही काय संसारभर धरणार?” सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी स्वतः ओढून काढलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं. कँटीनवाल्याच्या गाडीत चार वर्षांचं पिवळं पडलेलं प्लास्टिक होतं, फाटेल तिथे टेप लावलेली. त्याला म्हणाले, “सीट नवीच राहिली शेठ. तुम्हीच तेवढे चार वर्षं फाटक्यावर बसताय.” कँटीनवाल्याने दोन दिवस त्यांना पाणचट चहा दिला, पण प्लास्टिक काढलं.

यामागे हौसेपेक्षा त्यांचं कामाचं ज्ञान होतं. फिल्म ही प्रवासापुरती असते. उन्हात फार दिवस राहिली की तिचा गोंद भाजतो आणि मालावरच बसतो. मग घासाल तितका डाग पसरतो.

मार्चमध्ये नव्या पुरवठादाराची फिल्म आली. पहिल्याच रोलचा कोपरा उचलून अण्णांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली. ते कळवणच्या पुढच्या एका गावचे. आमच्याशी शहरी मराठी बोलायचे, पण अस्वस्थ झाले की घरची बोली यायची. “हाई फिल्म नही शे, डिंक शे,” ते पुटपुटले. मी म्हटलं, नुसत्या बोटावर कोणी ऐकणार नाही, चाचणी लागेल. चाचणीची भट्टी एप्रिलअखेरपर्यंत दुसऱ्या कामाला दिलेली होती. अण्णांनी विचारलं, “तुमची गाडी दिवसभर उन्हातच असते ना?”

तीन दिवस ती फिल्म लावलेली एक पट्टी माझ्या गाडीत मागच्या काचेखाली होती. तिसऱ्या दिवशी सुट्टीच्या भोंग्यानंतर अण्णांनी माझ्यासमोर फिल्म ओढली. पट्टीवर गोंदाच्या दुधी रेघा राहिल्या. मी बोट फिरवून पाहिलं. बोट चिकटलं.

हीच पट्टी घेऊन ते बैठकीत आले होते. बोरसे म्हणाले की जुना पुरवठादार माल वेळेवर देत नाही आणि नव्याकडे प्रमाणपत्र आहे. सबनीस सरांनी पट्टी हातात घेतली आणि अगदी सभ्यपणे विचारलं: कोणती भट्टी, किती तापमान, किती तास?

“मॅडमच्या गाडीत ठेवली होती साहेब. तीन दिवस.”

“म्हणजे आता लॅब पार्किंगमध्ये हलवली का?” बोरसे म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. सर माझ्याकडे वळून म्हणाले, टिपण मुद्द्यापुरतं ठेवा. मी पेन टेकवलेलं होतं, ते उचललं. माझा हिशेब तेव्हा सरळ होता. चाचणी पद्धतीला धरून नव्हती, गाडी माझी होती, परवानगी मी दिली होती आणि मे महिन्यात ऑडिट होतं. वहीत एवढंच आहे: नवीन फिल्म वापरण्यास मंजुरी. कार्यवाही: बोरसे.

मंजुरी आल्यावर अण्णांनी शिक्का मारला. टेबलावर फिल्म व्यवस्थितच निघत होती, माल अडवायला कागदोपत्री कारण नव्हतं.

जूनमध्ये तक्रार आली. आमच्या पट्ट्या बसवलेल्या गाड्या गिऱ्हाईक कंपनीच्या मोकळ्या आवारात उन्हात उभ्या होत्या आणि फिल्म काढल्यावर डॅशबोर्डवर दुधी डाग निघाले. परत आलेल्या प्रत्येक पट्टीमागे सात नंबर होता. तपासणीवाल्याला हे दिसलं कसं नाही, असा प्रश्न विचारला गेला. बोरसे म्हणाले, कोणी लक्षात आणून दिलं नाही. सबनीस सर काही बोलले नाहीत. मीही.

दुपारी अण्णा माझ्या टेबलापाशी आले. बसले नाहीत.

“मॅडम, त्या दिवशी मी बोललो ते वहीत आलंय ना?”

मी म्हटलं, टिपण थोडक्यात होतं.

“म्हणजे नाही.”

“अण्णा, चाचणी पद्धतीने झालेली नव्हती, त्यामुळे…”

“चाचणीचं सोडा. मी बोललो होतो का नाही?”

“बोलला होतात.”

“मग बास,” म्हणाले आणि गेले. सरांना जाऊन सांगा, असं त्यांनी म्हटलं नाही. मीही आपणहून गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शिक्का काढून घेतला. जमा करून घेण्याचं काम माझ्याकडेच असतं. यादी केली: शिक्का क्रमांक सात, शाईचा पॅड, तपासणीची टॉर्च. अण्णांनी शिक्क्यावरची शाई रुमालाने पुसली, रबराच्या खाचेत राहिलेली नखाने काढली आणि मगच तो टेबलावर ठेवला. सही केली. निवृत्तीला चार महिने असताना त्यांना पॅकिंगला पाठवलं, पिशव्यांचे गठ्ठे मोजायला. त्या आठवड्यात कधीतरी मी त्यांना गठ्ठा बांधताना पाहिलं. अंगठ्याचं नख कापलेलं होतं.

निरोपाच्या दिवशी सर त्यांच्या निष्ठेबद्दल चांगलं बोलले. अण्णांनी वेफर्स खाल्ले, प्रत्येकाला गावाकडे यायचं आमंत्रण दिलं आणि शेवटी माझ्याजवळ आले.

“यादीवाल्या मॅडम, माझ्याकडून काही राहिलंय का बघा.”

मी खरंच यादी उघडून पाहिली. ओळखपत्र, लॉकरची किल्ली, सेफ्टी शूज. सगळ्यांपुढे खूण होती. “नाही अण्णा,” मी म्हटलं, “तुमच्याकडून काही राहिलं नाही.” ते हसले. मला ते हसू सरळ वाटलं, आणि त्याचाच त्रास जास्त होतो.

आता ते गावी असतात. फोन लागतो. पाडव्याला त्यांनीच केला होता, गाडीला अजून नवेपणाचा वास येतो का विचारायला.

ती पट्टी माझ्या डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. गोंदावर धूळ बसली आहे, माझ्या बोटाची खूण मात्र स्पष्ट आहे. दुरुस्तीच्या नोंदीचा मजकूर मी केव्हाच तयार केला आहे: “दि. १८ एप्रिलच्या बैठकीत श्री. निकम यांनी नवीन फिल्मबाबत आक्षेप घेऊन नमुना दाखवला होता. तो नमुना मी स्वतः पाहिला होता.” खाली दोन सह्या लागतात, एक सबनीस सरांची, एक माझी. दर सोमवारच्या यादीत हे काम पुढच्या आठवड्यात जातं. कार्यवाहीच्या रकान्यात माझं नाव आहे, मुदतीचा रकाना कोरा आहे, आणि मजकुराखाली अजून माझीही सही नाही.