पायगोंडा अण्णांच्या माडीचं दार

कुत्र्यासकट खोली द्यायला सांगलीत कुणी तयार नव्हतं. कुंडलहून नोकरीला आलेली संयोगिता घरं हिंडून थकली. भुरीला बघितलं की घरमालकांचा चेहराच बदलायचा. शेवटी पायगोंडा अण्णा भेटले. हळदीच्या पेठेत हयात गेलेला माणूस. हळकुंड मोडून माल पारखायची सवय. त्यांनी भुरीच्या डोक्यावर हलकीच टिचकी मारली. तिनं शेपूट हलवली. माल बरा दिसतोय, अण्णा म्हणाले.

अटी मात्र कडक. जैनाचं घर, तेव्हा अंडं-मटण जिना चढणार नाही. आणि माडीच्या सागवानी दाराला ओरखडा दिसला, तर खोली रिकामी करायची. ते दार त्यांच्या वडिलांनी करवून घेतलेलं.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. भुरी दूध-भाकरीवर गुटगुटीत झाली. मग अण्णांची बायको, ब्राह्मीकाकू, लेकीच्या बाळंतपणाला बेळगावला गेल्या. त्याच सुमाराला दाराच्या आतल्या अंगाला नखांचे ओरखडे उमटू लागले. संयोगिता अंधार पडल्यावर घरी यायची, तेव्हा उंबऱ्याशी लाकडाचा भुसा पडलेला असायचा. तिनं भुरीच्या पायांत मोजे घातले. भुरीनं मोजे खाल्ले. तिनं दाराला पडदा लावला.

एका रविवारी अण्णा नळ बघायला वर आले आणि त्यांनी पडदा सरकवला. ओरखड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"पोरी, सागवान सोललंय गं हिनं," ते म्हणाले. "दुसरं घर बघ."

गावाकडून भाऊ, दिग्विजय, फोनवर सांगत होता की कुत्रं मळ्यात आणून सोड. त्या रात्री तिला घास गेला नाही. भुरी मात्र तिचंही ताट चाटून झोपली.

दोन-चार दिवसांनी अंग कसकसत होतं म्हणून ती लवकर घरी आली. ऊन अजून कौलांवर होतं. अण्णांचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं. खाली मोरीत ताट वाजलं, आणि वर दार खरवडल्याचा आवाज सुरू झाला. संयोगिता जिन्याच्या आडोशाला थबकली. तिच्या डोळ्यांदेखत अण्णा गुडघ्यावर हात टेकत जिना चढले. हातात तूप लावलेली अर्धी भाकरी.

"आलो, आलो. दम धर की जरा."

दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून त्यांनी हात आत घातला. खरवडणं थांबलं.

मागं वळले तर जिन्यात संयोगिता उभी. अण्णांनी तूपकट हात धोतराला पुसला. काकू गेल्यापासून पिठाचा अंदाज चुकतोय, ते सांगू लागले. दिवस मावळल्यावर खायचं नाही, शिळं ठेवायचं नाही, टाकलं तर पाप. मग रोज ही हाय की.

"आवं अण्णा, मग ती दार खरवडते ते कशापायी?"

अण्णांनी खिडकीकडं बघितलं. मग दाराकडं. मग खालच्या मोरीकडं.

"म्हंजी आमचं सागवान मीच सोलतोय व्हय?"

संयोगितानं ओठ घट्ट मिटून धरले. तरी हसू फुटलंच.

"मग अण्णा, घर बघू का?"

"गप बस," अण्णा म्हणाले. "उद्यापास्नं कामावर जाताना हिला खाली सोडून जा. माझे गुडघे तरी वाचतील."

आठवड्यानं बेळगावहून काकूंचा फोन आला. एकट्याचे हाल होत असतील, परत येऊ का, त्या विचारत होत्या. अण्णांनी सांगितलं, सावकाश ये, जेवायला सोबत हाय.