आल्विन काय वाचतोय?

नेटी हलुश्काचा आवाज रेडिओसाठी घडवलेला नव्हता. वर्षानुवर्षं शाळेची बस चालवताना मागच्या बाकावरच्या पोरांना दम देऊन देऊन तो खरखरीत झाला होता. पण एल्डन गावात तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. शनिवारी सकाळी पतपेढीच्या वरच्या मजल्यावर, गावाच्या इवल्याशा रेडिओ केंद्रात, ती माइकसमोर बसायची आणि ‘उशाशी काय?’ नावाचा कार्यक्रम करायची. तिथं ना कुणी लेखक यायचे, ना प्राध्यापक. ज्याला एखादं पुस्तक आवडत असेल त्यानं फोन करायचा, नाव सांगायचं, आणि काय वाचतोय ते मोकळेपणानं बोलायचं. बस, एवढंच.

डुकरं पाळणारा वॉल्टर तेव्हा उत्तर ध्रुवाकडच्या खलाशांचं पुस्तक वाचत होता. त्यांचं जहाज बर्फात अडकल्यापासून आपल्याला झोपताना दोन ब्लँकेटं लागतात, असं त्यानं सगळ्या मुलखाला सांगितलं होतं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या मिस प्रूडन खुनाच्या कादंबऱ्यांखेरीज कशाला हात लावत नसत.

“मिस प्रूडन, शेवट सांगायचा नाही हं,” नेटी बजावायची.

“अगं, पण माळ्यानंच मारलंय तिला. त्याला मी काय करू?”

नेटी माइकपासून तोंड फिरवून हसायची, तरी ते हसणं दूरवरच्या शेतांपर्यंत पोचायचं. तिचा नवरा मेट्रो म्हणायचा, “गावाचं सगळं ऐकून घेतेस आणि घरी दमून गप्प बसतेस. असाच चालू राहू दे बाई तुझा कार्यक्रम.”

लुसिल फॉन्टेनचा फोन मात्र कधी चुकायचा नाही. नवरा गेल्यापासून ती गावाबाहेर, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत असलेल्या शेतघरात एकटी राहायची. जमीन दुसऱ्याला कसायला दिलेली, मुलगी दूर विनिपेग शहरात. लुसिल वाचायची तहान लागल्यासारखी, आणि सांगायची असं की ऐकणाऱ्याला ते पुस्तक लगेच हवंसं व्हावं. तिच्या स्वयंपाकघरात सासरच्यांचं जुनं घड्याळ होतं. ठोके द्यायच्या आधी ते घसा साफ केल्यासारखं घरघरायचं. फोन चालू असताना दहा वाजले की ती घरघर रेडिओवरून सगळीकडे जायची.

“थांब, आधी आजोबांना बोलू दे,” नेटी म्हणायची, आणि ठोके संपेपर्यंत दोघी गप्प बसायच्या.

त्या वर्षी कापणी आटोपली, पहिला बर्फ पडून टिकला, आणि एका शनिवारी नवा आवाज आला. पुरुषाचा, मऊ, सावकाश बोलणारा. नाव सांगितलं आल्विन.

“मागच्या खेपेला लुसिलबाईंनी दीपगृहवाल्याच्या बायकोचं पुस्तक सांगितलं होतं ना? ते मी वाचलं. फार आवडलं.”

नेटीला कोण आनंद झाला! लोक सांगायचे पुष्कळ, पण दुसऱ्यानं सांगितलेलं खरंच आणून वाचणारा हा पहिलाच. पुढच्या शनिवारीही तो आला. लुसिलचं पुढचं पुस्तकही त्यानं वाचलं होतं. मग त्याच्या पुढचंही. वॉल्टर म्हणाला, “लुसिल, तुला चाहता मिळालाय बघ!” नेटीनंही चिडवलं. लुसिल लाजून हसली आणि म्हणाली, “या वयात? चष्मा पुसून घ्यायला सांगा त्याला.”

आल्विन कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अर्धा डझन आल्विन निघाले असते.

नाताळच्या आधीच्या शनिवारी लुसिलच्या आधी त्याचा फोन आला.

“मग आल्विन, काय वाचतोयस?”

“लुसिलबाई वाचतायत तेच. निळ्या पुठ्ठ्याचं. त्या अर्ध्याच्या पुढं गेल्यात, मी जरा मागं आहे.”

“अस्सं! बोलणं झालं वाटतं तुमचं?”

“नाही.” तो थांबला. तारेतून नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. “त्या खिडकीशी बसून वाचतात. दिवा असतो ना. पान दुमडतात त्या. दुमडू नये, पुस्तक खराब होतं.”

नेटीनं बटण दाबून त्याचा आवाज तोडला आणि हाताला लागली ती पोल्का नाचाची तबकडी लावली. तंत्रज्ञ ग्रँट काचेपलीकडून बघत राहिला. तेवढ्यात दुसऱ्या फोनचा दिवा लागला. लुसिलच होती.

“नेटी, ऐकलं मी.” ती हळू आवाजात म्हणाली. “ते निळं पुस्तक मी कुणाला सांगितलेलं नाही गं. वाचनालयातूनही आणलेलं नाही. मुलीनं पाठवलंय ते.”

कार्यक्रम संपल्यावर नेटी आणि मेट्रो ट्रक घेऊन तडक तिच्याकडे गेले. लख्ख ऊन होतं, डोळे दिपवणारं. घराच्या उत्तरेला वाऱ्याच्या आडोशासाठी लावलेली स्प्रूसच्या झाडांची रांग होती. तिथून बुटांचे ठसे निघाले होते ते सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत. खिडकीखालचा बर्फ तुडवून तुडवून दगडासारखा घट्ट झाला होता.

मेट्रो वाकून बराच वेळ बघत राहिला. “हे एका दिवसाचं काम नाही,” तो म्हणाला.

पोलीस आला. कॉन्स्टेबल बर्क, गावात नवीनच बदलून आलेला, स्वभावानं भला. त्यानं ठशांचे फोटो घेतले, डोकं खाजवलं. “मिसेस फॉन्टेन, हरणाच्या मागावरचे लोक येतात असे कुणाच्याही आवारात. आणि रेडिओवर पुस्तकाबद्दल बोलला म्हणून मी कुणाला पकडू शकत नाही.”

“मग केव्हा पकडाल?” बस थांबवून पोरांना दरडावावं तसं नेटीनं त्याला विचारलं. “तो घरात शिरल्यावर?”



लुसिलला नेटीनं आपल्या घरी आणलं. आणताना शेजाऱ्यालाही कळू दिलं नाही. घाईत निळं पुस्तक तिथंच राहिलं. मग बर्कशी बोलून ठरलं ते असं: शनिवारी लुसिलनं नेटीच्या घरूनच फोन करायचा आणि आपण आपल्या घरी वाचत बसलोय असं सांगायचं. बर्क तिच्या शेताच्या तोंडाशी गाडी लावून थांबेल. आल्विन खिडकीशी आला की सापडेल.

ती सकाळ उजाडली ती वाऱ्याची. शेतांवरून बर्फाची भुकटी उडत होती. ग्रँटनं आल्या आल्या सांगितलं, “हायवेवर ट्रक उलटलाय. बर्क तिकडे गेलाय. होईल तेवढ्या लवकर परततो म्हणाला.”

लुसिलला थांबवावं असं नेटीला वाटलं. पण कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली होती. ठरल्याप्रमाणे लुसिलचा फोन आला. “चुलीपाशी बसलेय, निळं पुस्तक संपत आलंय,” ती म्हणाली. शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी तशी ती बोलत होती. तिनं फोन ठेवला आणि लगेच दुसरा दिवा लागला.

“लुसिलबाई खोटं का बोलल्या?” आल्विन म्हणाला. रागानं नव्हे, वाईट वाटल्यासारखा. “त्या घरी नाहीत. चुलीपाशी कुणी नाही.”

नेटीची बोटं बटणावर गेली आणि थांबली. कारण त्याच्या आवाजामागून काहीतरी घरघरलं. घसा साफ केल्यासारखं. मग ठोके पडायला लागले.

माणूस लुसिलच्या स्वयंपाकघरात उभा होता.

ग्रँटनंही ते ओळखलं. तो धावत शेजारच्या खोलीतल्या फोनकडे गेला. नेटीला एवढंच कळत होतं की फोन तोडला तर हा निघून जाईल. सगळं गाव ऐकत होतं. नेटीच्या घरी मेट्रोच्या शेजारी बसून लुसिलही ऐकत होती. नेटीनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

“मग तू सांग ना, आल्विन. पुढं काय झालं पुस्तकात?”

“वाचून दाखवू?”

“दाखव की.”

आणि तो वाचायला लागला. छान वाचत होता. एक बाई नदीकाठच्या घरात वाट बघत बसलेली असते, असा काहीसा मजकूर होता. नेटीला एक शब्द समजत नव्हता, ती फक्त “हं, मग?” म्हणत होती. मधेच पान उलटल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

“तुम्ही मला बोलत ठेवताय,” तो हळूच म्हणाला, आणि फोन ठेवला.

बर्क पोचला तेव्हा घरात कुणी नव्हतं. मागचं दार नुसतं लोटलेलं, कुलूप न तोडता उघडलेलं. किटली कोमट होती. खुर्ची खिडकीशी ओढून बाहेर तोंड करून ठेवलेली. निळं पुस्तक गेलं होतं. वाऱ्यानं बाहेरचे ठसे बुजवून टाकले होते. स्प्रूसच्या रांगेपलीकडे नुसतं पांढरं रान.

तपास झाला, पुष्कळ झाला. लुसिलची जमीन कसणाऱ्याला विचारलं, घरोघरी गॅस भरून देणाऱ्याला विचारलं, सगळ्या आल्विनांना विचारलं. कुणाचाच आवाज तो नव्हता, किंवा प्रत्येकाचाच थोडाथोडा होता. बस चालवताना, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर कुणी पुरुष मऊ आवाजात बोलला की नेटीची मान वळायची. वॉल्टर तिला एकदा म्हणाला, “नेटी, माझ्याकडे अशी बघू नकोस गं.” तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बघणं काही थांबलं नाही.

लुसिलनं घर विकलं आणि ती मुलीकडे गेली. घड्याळ तिनं नेलं नाही.

‘उशाशी काय?’ चालू राहिला, कारण तो बंद करणं म्हणजे त्या माणसाला घाबरणं, असं नेटीला वाटत होतं. फक्त नावं सांगायची नाहीत, एवढा नियम तिनं केला. मग लोक पुस्तकाबद्दलही जपून बोलायला लागले. आवडलं, बरं आहे, संपवलं. कुठं बसून वाचतो, कुणी दिलं, वाचताना का रडू आलं, ते कुणी सांगेना. मिस प्रूडननी फोन करणंच सोडलं. अर्धा अर्धा कार्यक्रम पोल्का वाजवण्यात जायचा.

बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला होता, तेव्हा तो परत आला.

“नाव नाही ना सांगायचं आता?” मऊ आवाज म्हणाला. “मागच्या हिवाळ्यात सुरू केलेलं एक पुस्तक संपलं. परत द्यायचं होतं, पण त्या आता तिथं राहत नाहीत.”

नेटीनं ग्रँटला खूण केली. पोलिसांनी आता फोनचा माग काढायची सोय केली होती, पण त्याला वेळ लागायचा.

“पोस्टानं पाठव,” ती म्हणाली.

“पाठवेन. पुढचं कोणतं घ्यावं, तेच ठरत नाहीये. लोक पूर्वीसारखं सांगत नाहीत, नाही का?”

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. फोन हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या बूथमधून आलेला निघाला. तिथं रोज शेकडो गाड्या थांबायच्या. पुस्तक कधी आलं नाही.

त्याच दुपारी नेटीनं केंद्रावर सांगून टाकलं की आपण आता माइकसमोर बसणार नाही. ग्रँटनं अडवलं नाही. शनिवारच्या त्या वेळेला धान्याचे भाव लागायला लागले. लोकांनी हळहळ व्यक्त केली. परत सुरू कर, असं मात्र एकानंही म्हटलं नाही.

त्यानंतर शनिवारी दहाच्या सुमाराला लुसिलचा विनिपेगहून नेटीच्या घरी फोन यायचा. दोघीच बोलायच्या.

“अगं, इतकं हळू का बोलतेस?” नेटीनं एकदा विचारलं. “मुलगी झोपलीये का?”

“नाही, कुणी नाहीये घरात. सवय लागलीये.” मग लुसिलनं विचारलं, “तू काय वाचतेयस सध्या?”

नेटीच्या ओठांवर उशाशी ठेवलेल्या पुस्तकाचं नाव आलं. “थांब हं,” ती म्हणाली, रिसीव्हर टेबलावर ठेवला, आणि जाऊन आधी पडदा ओढून घेतला.