खुटबावच्या मंदाची जाळी

दवाखान्याच्या गेटवर बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, लोकच आणून टाकतात. शिरूरला बायकांच्या दवाखान्यात मी वॉचमन होतो, जीपही चालवायचो. बायका यायच्या, "कंबर दुखती" म्हणायच्या. अंग बाहेर येतंय, असं एकीच्या तोंडून निघेल तर शपथ!

*

खुटबावची मंदा आली, तीही कंबर घेऊनच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तिच्या नवऱ्याला, बबनला, विचारलं, "हिची गर्भपिशवी खाली उतरलीय. कधीपासून?"

"मला काय ठावं? कंबर दुखती म्हनली तवा ऊस तोडणीला आला हुता!"

मला राहवेना. म्हटलं, "पंपाची मोटर जळाली की त्याच दिवशी दौंड गाठतोस ना रं?"

*

बाई म्हणाल्या, "आत जाळी शिवून पिशवी वर धरायची." नमुना दाखवला. बबननं तो दोन्ही हातांनी ताणून बघितला.

"बाई, ह्याच्यापरीस कांद्याची गोणी मजबूत!"

"मग गोणी बसवून घे, जा!"

*

बाईंनी पुढचं सांगितलं, "तीन महिने वजन उचलायचं नाही. टाके तुटले तर परत सगळं खाली."

बबनची आई सरूबाई पदर खोचून उभी. "मग पाणी कोन आननार?"

बाईंनी बबनकडं बोट केलं. गडी मागं वळून बघायला लागला, कोण उभंय म्हणून!

*

हे ऐकून मंदा कॉटवरून उतरली, चप्पल शोधायला लागली. "नगं मला आपरेशन. घरी गेल्यावर हंडा मलाच उचलायचाय. ती जाळी काय टिकायची?"

"निज गुमान," सरूबाई खेकसली. "आन् ह्या बाईंम्होरं नाटकं करू नगं."

बाईंनी ऑपरेशन केलं. पण पोरीच्या चेहऱ्यावरची धास्ती काही गेली नाही.

*

डिस्चार्जला मीच तिघांना जीपनं खुटबावला सोडलं. दारात रिकामा हंडा. मंदा सवयीनं वाकली.

"ठेव त्यो खाली!" सरूबाई एवढ्यांदा ओरडली की माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी उभीच होती!

मग बबनला, "उचल."

"आये, लोकं हसत्याली!"

"हसू दे. दात हायती त्येंला."

बबन हंडा घेऊन निघाला. मंदा आत जाऊन आडवी झाली. मी जीप वळवली, तर सरूबाई खिडकीशी आली. इकडं तिकडं बघितलं, आवाज खाली आणला.

"आप्पा, ती जाळी म्हाताऱ्या बाईला बी बसवत्यात का वो?"